छातीवरचा फ्लॅप आणि खांद्याचा हिशेब

कुरकुंभला पुणे-सोलापूर महामार्ग आणि दौंड-बारामती रस्ता एकमेकांना छेदतात. फिरंगाई देवीचे देऊळ, रासायनिक कारखान्यांची एमआयडीसी आणि भोवती उसाचे शिवार असा हा टापू आहे. छातीवर मोठी जखम होण्याची जेवढी म्हणून कारणे शस्त्रक्रियेच्या पुस्तकांत सांगितली आहेत, त्यांतली बहुतेक या दहा-पंधरा किलोमीटरच्या आत भेटतात. रसायनाने भाजणे, महामार्गावरचा अपघात, शेतातल्या लोंबत्या तारेचा झटका, फुप्फुसाचा जुना क्षय, उशिरा दाखवलेली स्तनातली गाठ, आणि मधुमेह असलेल्या माणसाची बायपासनंतर भरून न येणारी छाती. आजारांची नावे वेगळी असली तरी जखम खोल गेली की शेवटचा उपाय पुष्कळदा एकच असतो. शरीराचाच एखादा स्नायू, त्याची रक्तवाहिनी शाबूत ठेवून, वळवून त्या जागी आणायचा. डॉक्टर त्याला फ्लॅप म्हणतात. नातेवाईक ‘पाठीचं मांस काढून छातीला लावलं’ असे सांगतात, आणि ते अगदी बरोबर सांगतात.

या शस्त्रक्रियेवर गेल्या पन्नास वर्षांत भरपूर लिहिले गेले आहे. जखम बंद झाली का, रुग्ण वाचला का, किती दिवसांत घरी गेला, याच्या चांगल्या नोंदी आहेत. ज्या हाताचा स्नायू काढला त्या हाताने तो माणूस पुढे काय करणार होता, हा प्रश्न मात्र त्या नोंदींत फार उशिरा आणि फार थोडा आला. कुरकुंभसारख्या गावातून पाहिले तर तोच प्रश्न आधी दिसतो, म्हणून हा आढावा त्या बाजूने घेतो आहे.

आधी एक फरक स्पष्ट करायला हवा. मांडीची पातळ कातडी काढून जखमेवर लावणे, म्हणजे ग्राफ्ट, ही वेगळी गोष्ट आहे. त्या कातडीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पहिले काही दिवस ती खालच्या जखमेतून झिरपणाऱ्या द्रवावर जगते आणि मग तिथल्या रक्तवाहिन्या तिच्यात शिरतात. खाली जिवंत, लालसर मांस असेल तर ती धरते. उघडे हाड, बरगडीची कूर्चा, पोलादी तार किंवा रेडिएशनने कडक झालेली जागा असेल तर ती धरत नाही. फ्लॅप स्वतःचे रक्त घेऊन येतो. खडकवासल्याच्या कालव्यावरचा एखादा वाफा उचलून दुसरीकडे ठेवला, पण त्याला पाणी देणारा पाट तोडला नाही, अशी कल्पना करावी. तो पाट म्हणजे फ्लॅपचा देठ. त्यात एक धमनी असते, एक-दोन नीला असतात आणि बहुधा एक मज्जातंतू. देठाला पीळ पडला, तो दाबला गेला किंवा ताणला गेला, तर वर कितीही सुबक टाके घातलेले असोत, फ्लॅप काळा पडतो.

देठ राखून मांस वळवण्याची ही युक्ती पुण्याला परकी नाही. सुश्रुतसंहितेत कापलेले नाक आणि कान नीट करण्याचे वर्णन आहे, हे सर्वांना ठाऊक असते. पण आधुनिक शल्यचिकित्सेला ज्या एका शस्त्रक्रियेने जागे केले ती पुण्याजवळ झाली होती, हे पुणे जिल्ह्यातही फार थोड्यांना माहीत आहे. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी 1792च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभराने पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका वैद्याने त्याला कपाळाच्या कातडीचे नाक करून दिले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर 1794मध्ये त्याची हकीकत चित्रासह छापून आली. तिच्यात कृती बारकाईने दिलेली आहे. नाकाच्या जागेवर मेणाचा पातळ पत्रा बसवून माप घ्यायचे, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, त्याच्या कडेने कातडी सोडवायची आणि दोन डोळ्यांच्या मधला देठ न तोडता ती खाली फिरवायची. पाण्यात भिजवलेला कात फडक्याच्या पट्ट्यांवर लावून त्या सांध्यावर ठेवायच्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेली फडकी लावायची. देठ तोडायचा तो सुमारे 25 दिवसांनी, नव्या जागेचे रक्त सुरू झाले की.

ही हकीकत वाचून जोसेफ कार्प्यूने 1814मध्ये लंडनला तशी शस्त्रक्रिया केली आणि 1816मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. पुढचा युरोपातला इतिहास तिथून धावतो. पुण्याच्या त्या वैद्याचे नाव कुणी लिहून ठेवले नाही, याची मला फार खंत वाटते. त्याने वापरलेले मेणाचे माप आजही तसेच आहे, मेणाऐवजी निर्जंतुक कापड किंवा हातमोज्याच्या पाकिटाचा कागद असतो इतकेच. पाठीचा स्नायू उचलण्याआधी शस्त्रवैद्य छातीच्या जखमेवर तो कागद ठेवून कापतो, पाठीवर नेऊन उलटसुलट फिरवून बघतो आणि मगच पेनाने रेघ मारतो.

नाकाकडून छातीकडे यायला शंभर वर्षे गेली. इटलीत पाव्हियाच्या इजिनिओ तान्सिनीने 1896मध्ये स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यावर उघडी पडलेली छाती पाठीच्या कातडीने झाकली. पण त्या कातडीचे टोक मरायचे. कातडीला रक्त खालच्या स्नायूतून येते हे ध्यानात आल्यावर त्याने स्नायूही बरोबर उचलायला सुरुवात केली आणि 1906मध्ये ते प्रसिद्ध केले. तो स्नायू म्हणजे पाठीवर काखेपासून कमरेपर्यंत पसरलेला लॅटिसिमस डॉर्साय. छातीसाठी आजही सर्वांत जास्त भरवशाचा फ्लॅप हाच. पण त्या काळी स्तनाच्या कर्करोगाबाबत शेवटचा शब्द अमेरिकेच्या विल्यम हॉल्स्टेडचा होता, आणि जखम अशी फ्लॅपने झाकायला हॉल्स्टेडचा विरोध होता. रोग खाली लपून परत वाढेल, अशी धास्ती होती. तान्सिनीची पद्धत मागे पडली ती 1976मध्ये नेव्हेन ओलिव्हारीने पुन्हा पुढे आणेपर्यंत. एका मोठ्या माणसाच्या मतापायी सत्तर वर्षे हजारो बायकांना उघड्या छातीवर पातळ कातडी घेऊन जगावे लागले.

1970 आणि 80च्या दशकांत मात्र झपाट्याने काम झाले. मृतदेहांमध्ये रंगीत द्रव सोडून कोणत्या स्नायूला कुठून, किती धमन्यांनी रक्त येते याचे नकाशे तयार झाले. स्टीफन मॅथीस आणि फुआद नहाई यांनी 1981मध्ये स्नायूंची पाच गटांत विभागणी केली, आणि प्लॅस्टिक सर्जरी शिकणाऱ्या प्रत्येकाला ती आजही तोंडपाठ असते. छातीच्या दृष्टीने तिचा अर्थ सोपा आहे. लॅटिसिमसला काखेतून एक मोठी धमनी येते आणि पाठीच्या कण्याकडून अनेक लहान धमन्या येतात. छातीवरच्या पेक्टोरॅलिस मेजरचेही तसेच, एक मोठी धमनी गळपट्टीच्या हाडाखालून आणि बाकीच्या लहान उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या, कडेने. त्यामुळे हे दोन्ही स्नायू दोन्ही बाजूंनी फिरवता येतात. पोटावरच्या रेक्टस स्नायूला वरून एक आणि खालून एक अशा दोन मोठ्या धमन्या असतात. वरची राखली की तो छातीवर येतो.

आता बायपासच्या जखमेकडे येतो, कारण या विषयातला सर्वांत खात्रीचा पुरावा तिथला आहे आणि सर्वांत मोठी हेळसांडही तिथेच होते.

हृदयाच्या बहुतेक शस्त्रक्रियांत उरोस्थी करवतीने उभी चिरतात आणि काम झाले की पोलादी तारांनी परत बांधतात. ही वाट 1957नंतर रूढ झाली. हाडापर्यंत जंतुसंसर्ग होण्याचे प्रमाण बहुतेक रुग्णालयांत शंभरात पाचांहून कमी असते, पण ज्याला होतो त्याचे हाल विचारू नयेत. मधुमेह, लठ्ठपणा, तंबाखू-बिडी आणि जुनाट दमा यांनी धोका वाढतो. घरी गेल्यावर दहा-बारा दिवसांनी टाक्यांतून पाणी येऊ लागते. कूस बदलताना किंवा खोकताना छातीत ‘कट्’ असे वाजते. हाडाचे दोन भाग एकमेकांवर घासत असल्याची ती खूण असते. पूर्वी अशी जखम उघडी ठेवून रोज धुवायचे, किंवा नळ्या घालून औषधी पाणी सोडायचे. काही जुन्या नोंदींत निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावलेले दिसतात.

अटलांटाच्या एमरी विद्यापीठात मॉरिस जुर्किएविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980मध्ये वेगळा मार्ग मांडला. तारा काढायच्या, मेलेले हाड आणि कूर्चा रक्त येईपर्यंत कापून टाकायची आणि उरलेली पोकळी जिवंत स्नायूने भरून काढायची. त्यांच्या 20 वर्षांच्या अनुभवाचा लेख 1997मध्ये आला. त्यात 409 रुग्ण होते आणि मृत्यूचे प्रमाण 8.1 टक्के होते. स्नायू इथे झाकणापलीकडचे काम करतो. रक्ताबरोबर तो पांढऱ्या पेशी, प्राणवायू आणि अँटिबायोटिक अशा पोकळीत पोचवतो, जिथे एरवी काहीच पोचत नाही. चँग आणि मॅथीस यांनी 1982मध्ये कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगात जंतू टोचल्यावर स्नायूसकटचे फ्लॅप नुसत्या कातडीच्या फ्लॅपपेक्षा चांगले टिकले. पुढे ज्या कातडीला नेमकी रक्तवाहिनी आहे ती कातडीही बरीच तग धरते असे दिसले, आणि स्नायूच हवा का हा वाद अजून चालू आहे. माझ्या वाचनात तरी, पोकळी खोल आणि घाण असेल तर स्नायूची किंवा ओमेंटमची बाजू अजून भक्कम आहे.

ओमेंटम म्हणजे आतड्यांवर झालरीसारखा असलेला चरबीचा पडदा. तो कुठल्याही वाकड्यातिकड्या खाचेत बसतो आणि त्याला रक्तही भरपूर असते. रुमानियाच्या किरिकुटाने 1963मध्ये तो छातीवर आणला. त्यासाठी पोट उघडावे लागते, ही त्याची किंमत. आता दुर्बिणीतून तो काढता येतो, पण हृदयाने थकलेल्या माणसाला तेही सोसायला हवे.

एक बारकावा इथे सांगायलाच हवा. बायपासमध्ये डाव्या बाजूची आतली स्तनधमनी हृदयासाठी वापरतात. हीच धमनी खाली जाऊन रेक्टसची वरची धमनी होते, आणि हिच्याच फांद्या पेक्टोरॅलिसला उरोस्थीच्या कडेने रक्त देतात. ती एकदा हृदयाला जोडली की डावा रेक्टस वर वळवणे धोक्याचे, आणि डावा पेक्टोरॅलिस उरोस्थीच्या बाजूने उलटवणेही धोक्याचे. मग उजवी बाजू घ्यायची, किंवा पेक्टोरॅलिस गळपट्टीकडच्या धमनीवर मधे सरकवायचा. पण सरकवलेला पेक्टोरॅलिस उरोस्थीच्या खालच्या तिसऱ्या भागापर्यंत नीट पोचत नाही, आणि नेमकी तिथेच जखम पुन्हा उघडते. म्हणून पहिल्या शस्त्रक्रियेचा कागद, कोणती धमनी घेतली हे लिहिलेला, दुसऱ्या शस्त्रवैद्याच्या हातात असणे जिवाइतके महत्त्वाचे आहे. गावाकडून येणाऱ्या पिशवीत एक्स-रे असतो, औषधांची बिले असतात, पण हा कागद पुष्कळदा नसतो. डिस्चार्जच्या वेळी तो मागून घ्यावा, त्याच्या दोन प्रती कराव्यात.

1997मध्ये अर्जेंटा आणि मोरिक्वास यांनी जखमेवर स्पंज बसवून सतत ओढ देणारे व्हॅक्युम ड्रेसिंग आणले. रुग्णालयात त्याला ‘व्हॅक’ म्हणतात. त्याने जखम आकसते, स्राव बाहेर ओढला जातो आणि छाती थोडी घट्ट धरली जाते, म्हणजे श्वास सुधारतो. फ्लॅपआधीचे काही दिवस काढायला ते उत्तम आहे. पण फ्लॅपची गरज ते क्वचितच संपवते, आणि स्पंज दर दोन-तीन दिवसांनी बदलायचा म्हणजे खर्च चालूच राहतो. मला राग येतो तो याच्याही आधीच्या वेळेचा. टाक्यातून पाणी येते, तालुक्याच्या ठिकाणी रोज पट्टी बदलली जाते, गोळ्या बदलल्या जातात, आणि असे आठवडेच्या आठवडे जातात. छातीत कट् वाजत असेल तर पट्टीने काही होणार नाही. ज्याने हाड उघडले त्याच्याकडे त्याच आठवड्यात परत गेले पाहिजे.

क्षयाची गोष्ट याहून जुनी आहे. फुप्फुसाभोवती पू साठून कोश जाड झाला, फुप्फुस फुगेनासे झाले आणि श्वासनळीला भोक पडले की हवा आणि पू दोन्ही गळत राहतात. पूर्वी बरगड्या काढून छातीच खाली बसवायचे. माणूस जगायचा, पण एका बाजूला वाकडा होऊन. 1935मध्ये लिओ एलोसरने बरगड्यांतून कातडीची कायमची खिडकी करायची पद्धत सांगितली, आणि अगदी अशक्त रुग्णासाठी ती आजही वापरतात. स्नायू छातीच्या आत नेऊन भोक बुजवण्याची कल्पना अब्राशानॉफने 1911मध्येच मांडली होती. मेयो क्लिनिकच्या पीटर पेरोलेरो आणि फिलिप अर्नोल्ड यांनी 1980नंतर तिला शिस्त आणली. एखाद्या बरगडीचा तुकडा काढून त्या फटीतून लॅटिसिमस किंवा काखेखालचा सेरेटस स्नायू आत ढकलतात, म्हणजे स्नायू नंतर बाहेरून दिसतही नाही. मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे क्षयरुग्णालय किंवा औंधचे उरो रुग्णालय ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या रुग्णांच्या वाकलेल्या छात्या आठवतील. क्षयाची औषधे वेळेवर आणि पूर्ण घेतली तर यातले बहुतेक टळते, आणि त्याला कुठलाही फ्लॅप पर्याय नाही.

स्तनाच्या कर्करोगात आज दोन वेगळे प्रसंग येतात. गाठ लवकर सापडली तर स्तन वाचवून, गेलेला भाग लॅटिसिमसने भरता येतो. किंवा स्तन पूर्ण काढून पोटाची चरबी आणि कातडी रेक्टसवर वर आणून नवा स्तन करता येतो. ती पद्धत कार्ल हार्टरॅम्पने 1982मध्ये रूढ केली. मुंबईचे टाटा मेमोरियल 1941पासून या रोगावर काम करते आहे, आणि पुण्यातही प्रशांती कॅन्सर केअर मिशनसारख्या संस्थांत कर्करोग काढणारा आणि स्तन घडवणारा विचार एकत्र होतो. दुसरा प्रसंग अधिक दुःखाचा. गाठ फुटून छातीला चिकटलेली, वास येणारी. तिथे नव्या स्तनाचा विषय नसतो. रोग काढल्यावर जी ताटाएवढी जागा उघडी पडते ती लवकर भरून निघाली पाहिजे, कारण रेडिएशन आणि औषधे फार काळ थांबवून चालत नाहीत. इथे लॅटिसिमसचे महत्त्व रूपापेक्षा वेळेमुळे आहे. अशा बाईला ‘आता या वयात कशाला प्लॅस्टिक सर्जरी’ असे घरात कुणी म्हणत असेल तर त्याला हे नीट समजावून सांगायला हवे.

हाड किंवा बरगड्याच गेल्या तर आणखी एक काम असते. चारहून अधिक बरगड्या गेल्या किंवा भोक पाच सेंटीमीटरहून मोठे झाले, तर श्वास घेताना छातीचा तो भाग आत ओढला जाऊ शकतो. मग आधी जाळी, सिमेंट किंवा टायटॅनियमची पट्टी बसवून कडकपणा द्यायचा आणि तिच्यावर स्नायू. पाठीमागे, खवाट्याखाली, याहून मोठे भोकही खपून जाते. पोलंड सिंड्रोमसारख्या जन्मजात व्यंगातही पाठीचा स्नायू पुढे आणतात, पण असे रुग्ण थोडे.

भाजण्याचे मात्र थोडे सांगायला हवे, कारण एमआयडीसी समोर आहे. आम्ल किंवा अल्कली अंगावर पडले तर पहिला उपचार भरपूर वाहते पाणी, आणि तेही कपडे काढून, बराच वेळ. सोडा किंवा अल्कली आत आत मुरत जाते, म्हणून ती दिसते त्यापेक्षा जास्त खोल भाजते. (कोरडी पावडर आधी झटकायची आणि मग पाणी, हे कारखान्यातल्या प्रत्येकाला माहीत असले पाहिजे.) विजेच्या झटक्यात त्वचेवरचा डाग लहान दिसतो आणि आत स्नायू शिजलेले असतात. काखेजवळून वीज गेली असेल तर लॅटिसिमसची धमनीच बंद झालेली असू शकते. असा स्नायू उचलून बघण्यात अर्थ नाही, दुसऱ्या बाजूचा विचार करावा लागतो किंवा दूरचा स्नायू काढून सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडाव्या लागतात. लहान मुलीची छाती भाजली तर स्तन वाढण्याच्या वयात ओढ सोडवावी लागते, नाहीतर तो वाढतच नाही. आईवडिलांना हे भाजल्यावेळीच सांगायला हवे, मुलगी तेव्हा चार वर्षांची असली तरी.

आता खांदा. लॅटिसिमस हात खाली आणि मागे ओढतो. शिडी चढताना, दोर ओढताना, कुबड्यांवर भार टाकताना तो लागतो. तो काढल्यावर शेजारचा टेरेस मेजर बरेच काम उचलतो आणि वर्षभरात दैनंदिन कामे बहुतेकांना जमतात, असे अभ्यास सांगतात. पण दैनंदिन म्हणजे कुणाचे? केस विंचरणे, पिशवी उचलणे, गाडी चालवणे ही त्या अभ्यासांतली दैनंदिन कामे. दौंड-इंदापूरच्या पट्ट्यात गळीत हंगामात बीड आणि अहिल्यानगरकडून ऊसतोडणी जोडपी येतात. कोयत्याने वाढा छाटायचा, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे. मोळी डोक्यावर तोलून फळी चढताना एक हात वरच्या दोराला किंवा ट्रकच्या कडेला धरून शरीर वर ओढतो. ते ओढणे म्हणजेच लॅटिसिमस. रसायनांचे 200 लिटरचे पिंप कडेवर तिरपे करून फिरवत नेणाऱ्या माणसाला ढकलायला पेक्टोरॅलिस लागतो आणि कमरेतून उठायला रेक्टस. रेक्टस काढला की पोटाची भिंत सैल होते, पुढे हर्नियाची भीती राहते.

म्हणून कोणता स्नायू घ्यायचा याचा निर्णय जखमेच्या मापावरून जितका व्हायला हवा तितकाच रुग्णाच्या कामावरून झाला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. त्यासाठी साधने आहेत. पेक्टोरॅलिसचा दंडाला जोडलेला भाग न तोडता अर्धाच स्नायू मधे आणता येतो. लॅटिसिमसचा मज्जातंतू राखून अर्धा भाग घेता येतो. क्लाउडिओ अँग्रिजियानी यांनी 1995मध्ये दाखवल्याप्रमाणे, स्नायू जागेवर ठेवून त्याच धमनीची कातडीत जाणारी फांदी शोधून फक्त कातडी आणि चरबी उचलता येते. ते किचकट आहे, दोन-तीन तास जास्त लागतात, आणि हाडाची घाणेरडी पोकळी असेल तर पुरेसे भरत नाही. पण छातीवरची उघडी पण स्वच्छ जागा असेल, आणि रुग्ण हाताच्या जोरावर पोट भरणारा असेल, तर ते दोन तास द्यायला हवेत.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. प्लॅस्टिक सर्जन नोशीर अँटिया इंग्लंडमध्ये हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकून आले आणि पुण्यात कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात काम करू लागले. वाकडी बोटे सरळ करायची ती त्या माणसाला पुन्हा भाकरी खाता यावी, अवजार धरता यावे म्हणून. 1964मध्ये त्यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लॅस्टिक सर्जरीचा टाटा विभाग उभा केला. हाताच्या शस्त्रक्रियेत ‘हा काय काम करतो’ हे पहिल्या कागदावर लिहिण्याची सवय त्या पिढीने लावली. छातीच्या शस्त्रक्रियेत ती अजून पुरती आलेली नाही, कारण तिथे सगळ्यांचे लक्ष प्राण वाचवण्याकडे असते.

फ्लॅप झाल्यावरचे पहिले दोन-तीन दिवस नर्सचे असतात. दर तासाला ती फ्लॅपच्या कातडीवर बोट दाबून सोडते. पांढरा ठसा दोन-तीन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवा. फार लवकर आणि निळसर होत असेल तर रक्त आत येते आहे पण बाहेर जात नाही. पांढराच राहत असेल तर आतच येत नाही. शंका आली की बारीक सुई टोचून पाहतात. लाल थेंब आला तर ठीक, काळा आला किंवा काहीच आले नाही तर रुग्णाला त्याच रात्री परत टेबलावर घ्यायचे. पाठीतल्या नळ्या बरेच दिवस राहतात. त्या निघाल्यावरही तिथे पाणी साठते आणि ते सुईने काढावे लागते. या काळात तंबाखू आणि बिडी पूर्ण बंद, कारण निकोटीनने देठातली धमनी आकसते. घरचे लोक फळे आणतात, पण मिश्री-तंबाखूची पुडीही आणतात. ती दारातच थांबवायला हवी.

कुरकुंभहून हे सगळे कुठे? दौंडचे उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे, बारामतीला 2019पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि मोठी शस्त्रक्रिया म्हणजे पाटस, चौफुला, यवत, उरुळी कांचन करत सुमारे 80 किलोमीटरवरचे पुणे, ससून किंवा एखादे धर्मादाय रुग्णालय. 108ची रुग्णवाहिका 2014पासून आहे. उपचारांचा खर्च उचलणारी सरकारी जीवनदायी योजना 2012मध्ये आठ जिल्ह्यांत आणि 2013मध्ये राज्यभर आली, 2017मध्ये तिला महात्मा जोतिराव फुल्यांचे नाव मिळाले आणि नंतर तिची मर्यादा कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत वाढली. भाजणे आणि प्लॅस्टिक सर्जरी तिच्यात आहेत. शस्त्रक्रियेचा खर्च त्यामुळे पुष्कळांचा सुटतो. सुटत नाही ते पुढचे. खांद्याच्या व्यायामासाठी आठवड्यातून दोनदा पुण्याला जायचे तर रोज बुडतो, कंत्राटी कामगाराची हजेरी जाते, आणि ऊसतोडणीचे जोडपे तोवर मुकादमाच्या उचलीखाली दुसऱ्या कारखान्यावर गेलेले असते. मग हात बांधून ठेवल्यासारखा छातीशी धरला जातो आणि दोन महिन्यांत खांदा आखडतो. स्नायू गेल्याने जेवढे नुकसान झाले नसते तेवढे या आखडण्याने होते.

हे व्यायाम पुण्यात शिकायचे आणि दौंड-बारामतीत करायचे, अशी सोय करणे अवघड नाही. भिंतीवर बोटे चढवत हात वर नेणे, काठी दोन्ही हातांनी धरून डोक्यावर घेणे, खांदे मागे ओढणे, एवढ्यावर सुरुवात होते. शस्त्रवैद्य टाके आणि नळ्या पाहून परवानगी देतो, उरोस्थी उघडलेली असेल तर वजन उचलणे सुमारे तीन महिने बंद असते. डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या खाली चार ओळी मराठीत लिहिता येतात. कोणता स्नायू घेतला, कोणत्या बाजूचा, हात कधी आणि किती वर न्यायचा, वजन कधी उचलायचे. आणि त्याच्या वर, नाव-वयाच्या रांगेत, एक रकाना कामाचा. तिथे ‘मजुरी’ एवढेच लिहून भागत नाही. ऊसतोड, पिंप फिरवणे, गाडी चालवणे, स्वयंपाक, दूध काढणे, जे असेल ते लिहावे आणि सहा महिन्यांनी तो माणूस परत आला की त्याला तेच काम करून दाखवायला सांगावे.